अकराव्या फेरीचा कॅचर

शनिवार, २९ जून २०२४, भोर

टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकलो, सात धावांनी. एसटी स्टँडच्या बाजूने अजून फटाके वाजताहेत. कोहलीच्या ७६ धावा पाहताना मला सारखा २००८ सालचा ड्राफ्ट आठवत होता. आयपीएलच्या पहिल्या वर्षी मोठ्यांचा लिलाव झाला. पण मलेशियात एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक जिंकून आलेल्या पोरांना लिलावात उभं केलं नव्हतं. संघांनी पाळीपाळीने नावं घ्यायची, मानधन आधीच ठरलेलं. दिल्लीची पाळी आली तेव्हा दिल्लीचाच कोहली शिल्लक होता. त्यांनी प्रदीप सांगवान हा डावखुरा गोलंदाज उचलला आणि कोहली बंगळुरूला गेला. या गोष्टीवरून लोक दिल्लीला हसतात. मला त्यातली दुसरीच बाजू खुपते. त्या पोरांना कोणी काही विचारलंच नाही. भाव ठरलेला, पाळी दुसऱ्याची, यांनी फक्त सही करायची.

आजच आमच्या ऑनलाइन बेसबॉल लीगच्या ड्राफ्टची यादी आली. 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' हा संगणकावरचा खेळ मार्कुस हाइनसोन या जर्मन माणसाने १९९९ मध्ये काढला. त्यात बॅट फिरवायची नसते. संघ चालवायचा असतो. खेळाडू निवडा, त्यांच्याशी करार करा, त्यांना विका, दुखापती सोसा. सामने संगणक खेळतो आणि आपण सकाळी आकडे वाचतो. अमेरिकेतल्या पुतण्याने हे खूळ घरात आणलं. तो कंटाळून बाहेर पडला, मी चिकटून राहिलो. दिवसभर दुसऱ्यांची खरेदीखतं लिहिणाऱ्या माणसाला रात्री स्वतःचे करार करायला मिळतात, हे काही थोडं नाही.

माझ्याकडे पिट्सबर्ग पायरेट्स आहे. मागून घेतलेला संघ. २००८ च्या नोव्हेंबरात रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या आपल्याकडच्या दोन भालाफेकपटूंशी करार केला तो याच संघाने. एका टीव्ही स्पर्धेतून निवडलेली ही पोरं. त्याआधी त्यांनी बेसबॉलचा चेंडू हातात धरला नव्हता.

सोमवार, ८ जुलै

दिवसभर झड. लावणी सुरू झाल्यामुळे दस्ताला कोणी फिरकत नाही. वेल्ह्याकडचा शेतकरी या दिवसांत चिखलातून पाय काढत नाही आणि पुण्याचा घेणारा घाटात गाडी घालत नाही. टेबलावर मुद्रांकांची वही आणि तिच्याखाली ड्राफ्टची यादी.

समोरचा चहावाला विचारत होता, "यात बोलणी कसली? पोरगं निवडलं की झालं ना?" त्याला समजावून सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो.

अमेरिकेत १९६५ पासून हा ड्राफ्ट आहे. शाळा संपवलेली आणि कॉलेजात खेळणारी पोरं एका यादीत येतात, संघ साधारण उलट्या क्रमाने, म्हणजे हरणारे आधी, नावं घेतात. निवडलं म्हणजे त्या पोराशी बोलायचा हक्क एकट्या तुमचा. पण पोराने सही केलीच पाहिजे असं नाही. तो सरळ कॉलेजात जाऊ शकतो. चार वर्षांच्या कॉलेजात गेला की साधारण तीन वर्षं पुन्हा यादीत येत नाही. म्हणजे बोलणी फक्त बोनसची, आणि तीही ठरावीक तारखेपर्यंत.

२०१२ पासून यावर दावं घातलं गेलं. पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक क्रमांकाला एक किंमत लावली. तिला म्हणतात 'स्लॉट'. दहाही स्लॉटची बेरीज म्हणजे संघाचा गल्ला. एका पोराला स्लॉटपेक्षा जास्त द्या, दुसऱ्याला कमी द्या, हरकत नाही, बेरीज सांभाळा. पाच टक्क्यांपर्यंत वर गेलात तर वरच्या रकमेवर ७५ टक्के कर. त्याहून पुढे गेलात तर पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा हक्कच जातो. आमच्या लीगने हे सगळं जसंच्या तसं उचललं आहे.

स्लॉट म्हणजे आमच्या धंद्यातलं रेडीरेकनर. सरकार सांगतं या गटाची किंमत एवढी. (यंदाही दर वाढवलेले नाहीत.) मुद्रांक शुल्क मोजायला तो आकडा लागतो, पण खरा भाव झाडाखाली बसून ठरतो, आणि तो कधी रेडीरेकनरच्या वर असतो, कधी खाली. वर की खाली, हे जमिनीवर फारसं अवलंबून नसतं. विकणाऱ्याच्या घरात काय चाललंय त्यावर असतं.

माझा गल्ला बरोबर १ कोटी डॉलर. पहिल्या फेरीत माझी पाळी नववी, स्लॉट ५० लाख.

सोमवार, १५ जुलै

पहाटे साडेचारला उठलो. टेक्ससमध्ये खरा ड्राफ्ट तेव्हाच सुरू होत होता आणि आमच्या कमिशनरने हौसेने लीगचा ड्राफ्टही त्याच रात्री ठेवला होता. हिने झोपेतच विचारलं, "कोणाचं काय झालं?" म्हटलं, काही नाही, झोप.

खऱ्या ड्राफ्टमध्ये क्लीव्हलंडने पहिल्याच क्रमांकावर ट्रॅव्हिस बझाना हा सेकंड बेसमन घेतला. हा सिडनीचा पोरगा, म्हणजे क्रिकेटच्या मुलखातला. ऑस्ट्रेलियातून येऊन पहिला निवडला गेलेला हा पहिलाच.

आमच्याकडे नवव्या पाळीला मी शाळकरी डावखुरा पिचर घेतला. चेंडूचा वेग बघून हात थांबला नाही. त्याच्या नावापुढे मागणी ६२ लाख. स्लॉटच्या वर १२ लाख. दुसऱ्या फेरीत कॉलेजातला शॉर्टस्टॉप, स्लॉट १८ लाख. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत जे समोर आलं ते घेतलं; चौघेही स्लॉटवर सही करणारे.

सातव्या ते दहाव्या फेरीत कॉलेजाची चारही वर्षं संपलेली पोरं घेतली. या चार जागांचे स्लॉट मिळून ९ लाख होतात. या पोरांना कॉलेजात परत जायची सोय नाही, दुसऱ्या संघाशी बोलायचा हक्क नाही. माणशी दहा हजार डॉलर दिले तरी सही करतात. चाळीस हजारांत चौघे, ८ लाख ६० हजार वाचले. खऱ्या बेसबॉलमध्येही बरेच संघ हेच करतात, उघडउघड. त्यांच्यातल्या एखाद्याचा खेळ पाचव्या फेरीतल्या पोराइतकाच चांगला असतो. भाव मात्र त्याच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी.

आणि अकराव्या फेरीत तो कॅचर. अठरा वर्षांचा, शाळकरी. त्याच्यापुढे लीगने 'अशक्य' असा शेरा मारला होता, म्हणून दहा फेऱ्या त्याला कोणी हात लावला नाही. मागणी १४ लाख. अकराव्या फेरीपासून स्लॉट नसतो; दीड लाखापर्यंतचा बोनस गल्ल्यात धरत नाहीत, त्यावरचा धरतात. म्हणजे त्याचे साडेबारा लाख मला कुठून तरी काढायला लागणार.

बुधवार, १७ जुलै. आषाढी एकादशी

कचेरी बंद. साबुदाण्याची खिचडी खाऊन हिशेबाला बसलो.

शॉर्टस्टॉप १६ लाखांवर तयार झाला, दोन लाख सुटले. चार म्हाताऱ्यांचे (बावीस वर्षांच्या पोरांना लीगमध्ये सगळे म्हातारेच म्हणतात) ८.६ लाख. पाच टक्क्यांची मुभा ५ लाख. एकूण १५ लाख ६० हजार मोकळे. डावखुऱ्याला वर १२ हवेत, कॅचरला साडेबारा. दोघे एकदम बसत नाहीत. कॅचरला पुरे पैसे द्यायचे तर डावखुऱ्याला ५३ लाखांच्या वर जाता येत नाही.

पहिला देकार त्यालाच लिहिला: ५३. लीग आठवड्यातून तीनदा पुढे सरकते, तोवर उत्तर नाही. या मधल्या वेळात खरी मजा आहे. समोरासमोर बसलं की माणूस घाईत बोलतो.

एक गंमत लक्षात आली. डावखुरा अजून सतराचा आहे. आमच्याकडे असता तर त्याच्या सहीला किंमतच नव्हती. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच निरर्थक. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मोहरी बीबीच्या खटल्यात त्यावर शिक्का मारला. सातबाऱ्यावर पोराच्या नावापुढे 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता) लावून आईचं नाव लिहायचं, आणि जमीन विकायची तर आधी कोर्टाची परवानगी आणायची. तिकडेही आईबाप सोबत सही करतात म्हणे. पण आकडा पोराच्या हातावर ठरतो, आणि तो हात अजून वाढतोय.

शनिवार, २० जुलै

सुट्टी म्हणून वेल्ह्याला जाऊन आलो. तालुक्याचं नाव 'राजगड' करायला मार्चमध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. एसटीतले लोक अजून 'वेल्हं एक द्या' असंच म्हणतात.

मार्गासनीच्या पुढे सगळीकडे लावणी. इरली कमी झाली, प्लास्टिकचे कागद वाढले. चिखलणीला पॉवर टिलर, पण इंद्रायणीची रोपं अजून हातानेच रोवायची. तोरणा दिवसभर ढगात.

आबांच्या जमिनीचं साठेखत करायचं होतं. घेणारा पुण्याचा, विसार द्यायला तयार, गाडीत बसून होता. आबा बांधावरून आलेच नाहीत. मीच गेलो. म्हणाले, "भाऊसाहेब, मला कुठं घाई हाय? थोरला ममईला माथाडीत हाय, धाकट्याचं दुकान चाललंय. लावणी हुंद्या." गाडीतल्या माणसाने तिथल्या तिथे गुंठ्यामागे भाव वाढवला. आबांनी कमरेवरचा चिखल पुसला आणि पुन्हा रोपांच्या जुड्या सोडायला लागले.

गेल्याच महिन्यात त्यांच्या खालच्या अंगाचा एक गट माझ्याच हाताने गेला. माती तीच, रस्ता तोच. विकणाऱ्याची बायको दवाखान्यात होती. रेडीरेकनरच्या वर एक रुपया चढला नाही, वर अर्धे पैसे तीन महिन्यांनी. मी कलमं लिहीत होतो: घेणाऱ्याने व्यवहार मोडला तर विसार जप्त, देणाऱ्याने मोडला तर दुप्पट परत. दोन्ही बाजूंना सारखं कलम. कागदावर.

येताना एसटीत सातव्या फेरीतला पोरगा डोक्यात आला. दहा हजार डॉलर म्हणजे आपले आठ लाखांच्या वर, तसं काही कमी नाही. पण त्याच्याकडे घरी जायची वाट असती तर मी त्याला दोन लाख सत्तर हजार दिले असते, आणि ते देताना मला काही वाटलंही नसतं.

गुरुवार, २५ जुलै

रात्रभर कोसळला. ताम्हिणीकडे एका दिवसात ५०० मिलीमीटरच्या वर म्हणतात. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि पुण्यात सिंहगड रोडच्या एकतानगरीत लोक छातीएवढ्या पाण्यात. बहिणीला फोन केला, ती वरच्या मजल्यावर, ठीक आहे. इकडे भाटघर झपाट्याने भरतंय. वीज सकाळपासून नाही.

डावखुऱ्याचं उत्तर काल आलं: ६०. दोन लाख खाली उतरला. लीगमधला एकजण, कॅनडाचा, मला कळवतो की पहिल्या फेरीचं पोरगं सोडायचं नसतं, कॅचरला विसर. बऱ्याच जणांचं तेच मत.

मला पटत नाही. वीज नाही तर वही काढून कारण लिहितो.

२०१४ मध्ये ह्यूस्टनने पहिल्या क्रमांकावर ब्रेडी एकेन हा शाळकरी डावखुरा घेतला. स्लॉट ७९ लाखांचा, तोंडी ठरले ६५ लाख. उरलेल्या पैशांतून त्यांनी पाचव्या फेरीतल्या जेकब निक्सला १५ लाख कबूल केले. मग तपासणीत एकेनच्या कोपरातल्या अस्थिबंधावरून शंका निघाली. ह्यूस्टन ३१ लाखांवर उतरलं, शेवटच्या दिवशी ५० पर्यंत चढलं. एकेनने सही केली नाही. तो गेला तसा त्याचा स्लॉटही गल्ल्यातून गेला. म्हणून निक्सला कबूल केलेले १५ लाखही देता येईनात. निक्सचा हात धडधाकट होता, त्याने होकारही दिला होता. त्याचा करार दुसऱ्याच्या कोपरात मोडला.

पुढच्या मार्चमध्ये एकेनच्या कोपरावर खरंच शस्त्रक्रिया झाली. आणि सही न झाल्याची भरपाई म्हणून २०१५ मध्ये ह्यूस्टनला दुसरा क्रमांक मिळाला. त्यावर त्यांनी ॲलेक्स ब्रेगमन घेतला, जो २०१७ च्या विजेत्या संघात तिसऱ्या बेसवर उभा होता. एकेन मोठ्या लीगपर्यंत पोचलाच नाही.

दुसरा कुमार रॉकर. याची आई भारतीय वंशाची, म्हणून आपल्याकडेही नाव थोडं फिरलं. २०२१ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने दहावा घेतला, ६० लाख ठरले, तपासणीनंतर मेट्सने देकारच दिला नाही. पुढच्या वर्षी टेक्ससने त्याला तिसऱ्या क्रमांकावर ५२ लाख दिले. मेट्सला भरपाईत अकरावा क्रमांक मिळाला. म्हणजे इथे दोघेही तगले.

यातून माझ्या कामाचं एवढंच: पहिल्या फेरीच्या पोराने नकार दिला तर लीग मला पुढच्या वर्षी त्याच्या एक घर खालचा, म्हणजे दहावा क्रमांक देणार. नुकसानीचा विमा उतरवलेला आहे. अकराव्या फेरीतल्या कॅचरला असा विमा नाही. तो गेला की गेला. मग हात आखडायचा तो डावखुऱ्याकडे. लोक नेमकं उलटं करतात, कारण पहिल्या नावाला मान असतो.

संध्याकाळी शेजारच्या पोराच्या मोबाईलचं नेट घेऊन फाईल चढवली. देकार तोच: ५३.

रविवार, २८ जुलै

डावखुरा ५९. मी ५३. हिला जेवताना सगळं सांगितलं. म्हणाली, "अहो, त्याला जाऊ द्या ना कॉलेजात. शिकेल तरी." खेळात कॉलेजात गेलेलं पोरगं शिकतं की नाही याची काही नोंद नसते, हे तिला सांगितलं नाही.

एक मात्र खरं. २०२१ पासून तिकडे कॉलेजातल्या खेळाडूलाही स्वतःच्या नावाचे, जाहिरातीचे पैसे घेता येतात. आधी 'कॉलेजात जातो' म्हणणारा पोरगा तीन वर्षं रिकाम्या खिशाने राहायचा. आता त्याचा नकार स्वस्त झालाय, म्हणून होकार महागलाय. आमच्या कमिशनरने गेल्या वर्षी सगळ्या शाळकरी पोरांच्या मागण्या वाढवल्या तेव्हा लीगभर बोंब झाली होती. माझ्या मते त्याने बरोबर केलं.

शुक्रवार, २ ऑगस्ट

मुदत काल तिकडच्या संध्याकाळी पाचला संपली, आपल्याकडे रात्री अडीच. जागा होतो.

डावखुरा ५७ वर थांबला आणि गेला. माझा ५० लाखांचा स्लॉटही त्याच्याबरोबर गेला, गल्ला निम्मा झाला, पाच टक्क्यांची मुभाही अडीच लाखांवर आली. पण चार म्हाताऱ्यांचे आणि शॉर्टस्टॉपचे मिळून १० लाख ६० हजार शिल्लक होतेच. कॅचरने साडेतेरावर सही केली. दीड लाख मोकळे, बारा गल्ल्यातून. १ लाख ४० हजार वर, त्यावर १ लाख ५ हजार कर. नियमात बसलं.

कॅनडावाल्याचा निरोप: "पहिल्या फेरीचं पोरगं घालवून अकराव्या फेरीचं साजरं करणारा तूच." त्याचा संघ माझ्या खाली आहे, म्हणून मनावर घेतलं नाही.

खऱ्या बझानाने ८९ लाख ५० हजारांवर सही केली होती. त्याचा स्लॉट १ कोटी ५ लाखांच्या वर होता. पहिला क्रमांक, आणि तरी तेरा कोटी रुपयांच्या घरात संघाचे वाचले. दोघेही खूश दिसत होते फोटोत. बझानाकडे एकच कॉलेज-वर्ष उरलं होतं.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

मुंबईत प्रो कबड्डीचा लिलाव. तमिळ थलैवाजने सचिनला २ कोटी १५ लाखांना घेतलं. २०१४ च्या पहिल्या लिलावात सगळ्यात महाग राकेश कुमार होता, १२ लाख ८० हजार. दहा वर्षांत केवढी मजल.

शेजारचा पोरगा, तोच नेटवाला, तालुक्याला चढाईपटू म्हणून खेळतो. संध्याकाळी व्यायामशाळेतून येताना ओट्यावर टेकला. लिलावाच्या बातम्या मोठ्याने वाचून दाखवत होता. मी म्हटलं, लिलावात बोली लावणारे बारा असतात म्हणून भाव चढतो. ड्राफ्टमध्ये घेणारा एकच.

"पण काका, लिलावात आवडला नाही संघ तर?"

"बोली लागली की गेलास."

"आणि तुमच्या त्या डावखुऱ्याला घरी बसता आलं?"

"घरी नाही, कॉलेजात."

थोडा वेळ गुडघ्याचा पट्टा सोडत बसला. मग म्हणाला, "तीन वर्षांनी परत येईल ना यादीत? तुम्ही घ्याल?"

"माझी पाळी येईपर्यंत राहिला तर."

"आणि तेव्हा किती मागेल?"

ते त्याच्या कोपरावर आहे, म्हटलं, आणि आत येऊन पुढच्या खरेदीखताच्या चतुःसीमा तपासायला घेतल्या. आबांचा गट आहे. पूर्वेला ओढा, पश्चिमेला त्यांच्याच धाकट्या भावाची वहिवाट, आणि मोबदल्याच्या रकान्यात जो आकडा त्यांनी लावणीनंतर सांगितला तो.